बिनधुराची चूल

माझा स्वभाव असा, की वस्तू विकणाऱ्यापेक्षा मला जास्त कळल्याशिवाय मी ती घेत नाही. शारजातल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत मी खरेदी बघायचो. पंप असो की दाराची कडी, प्रश्न विचारून विक्रेत्याला घाम फोडण्यात माझा हातखंडा होता. त्यामुळे बायकोनं ऑफिसची नोकरी सोडून पिठलं-भाकरीची खानावळ काढायचं ठरवलं, तेव्हा चुलीचं खातं आपसूक माझ्याकडे आलं.

गॅसवरच्या भाकरीला ती भाकरी म्हणायलाच तयार नव्हती. शारजाजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एक शेड मिळत होती, पण वयस्क अरब मालकानं बजावलं होतं, "लकडी जलाओ, मगर धुआँ बाहर दिखा तो खलास." त्याचंही बरोबर होतं. शेजारी त्याचीच लाँड्री होती आणि मागच्या अंगणात पांढरेशुभ्र कंदुरे, म्हणजे अरबांचे पायघोळ झगे, वाळत असायचे. थोडक्यात, बिनधुराची चूल नाही तर शेड नाही. आणि राजीनामा तर तिनं देऊन टाकलेला.

मी तीन महिने चुलींच्या मागे लागलो. शारजाच्या रोल्ला बाजारातल्या दुकानांत पत्र्याच्या चुली होत्या. टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारख्या वाजायच्या. शेवटी एका गोदामात, कुठल्याशा व्हिलांसाठी मागवलेल्यांतली उरलेली एक हायब्रिड चूल सापडली. हायब्रिड म्हणजे धूर दोनदा जाळणारी. आधी वरच्या नळ्यांतून येणारी गरम हवा धूर पेटवते, आणि त्यातून निसटलेला धूर मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत जळतो. जाळी चांगली तापली तरच काम करते, रंगवलेलं लाकूड घातलं तर बाद होते. मी बॅटरी घेऊन आत डोकं घातलं. विटांचे सांधे बघितले, चुलीच्या दाराच्या कडेची धूर अडवणारी दोरी चिमटीत दाबून पाहिली, अंग पत्र्याचं की बिडाचं ते विचारलं. बिडाचं होतं. बीड सावकाश तापतं, सावकाश निवतं, भाकरीला हवं तसं, पण ठिसूळ. मल्याळी सेल्समन शेवटी म्हणाला, "साब, आप ही बेचो." ही पदवी मी बरेच दिवस मिरवली.

चुलीच्या पुस्तिकेत एक सूचना होती, की पहिले तीन जाळ अगदी लहान करा, बीड मुरू द्या. ती मी वाचली होती. पण मालक पाहायला येणार त्या सकाळी मला चमत्कार दाखवायचा होता. जाळी तापली नाही तर धूर दिसणार, म्हणून मी समरची, म्हणजे इथल्या बाभळीची, सुकी लाकडं पहिल्याच जाळाला तोंडापर्यंत भरली. धुराड्यातून खरंच काही दिसेना. मालक मान वर करून बघत राहिला आणि माझी छाती दोन इंच फुगली.

बायकोनं रीतीप्रमाणे नव्या चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि पहिलं दूध उतू घालवायला ठेवलं. फेस काठावरून उतरला, रसरसलेल्या बिडावर पसरला आणि टण्णकन आवाज झाला. चुलीच्या माथ्यावर वीतभर भेग पडली होती, तिच्यातून धुराची रेघ निघाली.

मालक म्हणाला, "दूध क्यूँ गिराया, मॅडम?"

आणि मी गप्प बसलो. एरवी माझं तोंड कधी बंद नसतं.

तिनं मला निखारे बाहेर ओढायला लावले, राखेत मीठ आणि पाणी घालून घट्ट लगदा केला आणि उलथन्यानं भेगेत दाबून बसवला. फुटक्या चुलीला तिची आई असंच लिंपायची. मालक तोवर चहा पीत बसला. लेप सुकल्यावर पुन्हा बेतानं जाळ केला, धूर आला नाही. मग तिनं भाकरी थापली. मालकानं ती लसणाच्या चटणीशी खाल्ली, दुसरी मागून घेतली, बाहेर जाऊन धुराड्याकडे पुन्हा एकदा बघून आला.

"यल्ला मॅडम, शुरू करो," तो तिला म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

तो गेल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती पाटावर बसून राहिली.

"एवढं जाड लोखंड दुधानं फुटतं?" ती म्हणाली. "माझाच हात अपशकुनी दिसतोय."

चूलच सदोष होती म्हणालो असतो, तर तिनं विश्वास ठेवला असता. चुलींतलं मलाच कळतं असं ती धरून चालली होती. मला स्वतःची शरम वाटली. मी म्हणालो, "पहिला जाळ लहान करायचा असतो. मी मोठा केला. मला माहीत होतं."

"त्यांनी मला विचारलं तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

ती उठली, पदर खोचला.

"उद्यापासून चूल मी पेटवणार," ती म्हणाली. "तुम्ही लाकडं तेवढी आणत जा."