वायर लांबची हाय

स्टार्टरचा जळलेला बोर्ड हातात दिला की आबा आधी त्याचा वास घ्यायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "वायर लांबची हाय का?"

लांबचीच असायची. तुम्हीही शेतावर पाहिलं असेल, मोटार एका टोकाला आणि टाकी दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांब वायरीत मोटार सुरू होताना, वीज कडाडताना नको तेवढा व्होल्टेज शिरतो. मोटार आपोआप चालू-बंद करणाऱ्या ऑटोस्टार्टरचं सगळं डोकं असतं एका नखाएवढ्या चिपमध्ये, मायक्रोकंट्रोलरमध्ये. त्या बिचाऱ्याच्या पिनेला पाच व्होल्टच्या वर सोसत नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आबा शिरूरला माझ्या स्टार्टरच्या दुकानात, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. इनामगावहून एसटीनं येत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बोर्ड दुरुस्त केला की वायर जिथून आत येते तिथं ते एक रेझिस्टर लावत, करंटला आवर घालायला, आणि पिनेपाशी एक झेनर डायोड, जास्तीचं बाजूला वळवायला. एक पिन जळलेली असली तरी सगळ्या पिनांना लावत. गिऱ्हाईक ताटकळायचं. मी वैतागायचो, तर म्हणायचे, "जळल्यावर या म्हणू का त्याला?"

हा माणूस सख्ख्या भावाशी मात्र बोलत नव्हता. आईच्या दहाव्याला काहीतरी बिनसलं ते बिनसलंच. विहीर सामाईक, मोटारी दोन. दोन्ही एकदम चालल्या की विहीर तळाला जायची. सांगणार कोण कुणाला? म्हणून आबांनी भावाच्या स्टार्टरपासून आपल्या घरापर्यंत वायर ओढायचं ठरवलं. भावाची मोटार सुरू झाली की आबांच्या ओट्यावर हिरवा दिवा लागणार. भावाला विचारायला गावातला एक जण पाठवला. भाऊ हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्टार्टरच्या पेटीचं दार उघडं ठेवलं आणि शेतात निघून गेला. असे हे दोघे!

पहिल्याच वळवात आबांच्या त्या दिव्याचा बोर्ड जळाला. कारागिराच्या घरचंच काम, झेनर लावायचा राहून गेला होता. मी दिवसभर चिडवलं. त्यानंतर मात्र रोज सकाळी दिवा लागायचा, आणि तो बघितल्याशिवाय आबा एसटी पकडत नसत. भर पावसातही लागायचा. आबा करवादायचे, "रानात चिखल झालाय आन् ह्यो मोटार चालवतोय."

मग एकदा आबा घरचाच बोर्ड पिशवीतून घेऊन आले. "दिवा लागत न्हाई. तुम्ही तपासा." मी मीटर लावला. रेझिस्टर ठीक, झेनर ठीक, पिन एकदम ठणठणीत. तसं सांगितलं. आबांनी मला पुन्हा तपासायला लावलं. पिन जळलेली निघावी असं वाटणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बोर्ड ठीक, म्हणजे तिकडं भावाची मोटारच सुरू झाली नव्हती.

मी मोटारसायकल काढली, आबांना मागं बसवलं आणि इनामगाव गाठलं. भावाच्या घराला कुलूप. शेजारचे म्हणाले, दौंडच्या दवाखान्यात नेलंय, अर्धांगाचा झटका आला. तसेच दौंडला गेलो. भाऊ खाटेवर होता. वाचा गेली होती.

आबांची भावजय उशाशी बसली होती. आबांना बघून तिनं पदर सावरला आणि खाली बघत सांगितलं, "उठलं की आधी मोटार चालू करायचे. पाणी लागो न लागो. म्हणायचे, त्याला दिवा दिसू दे."

आबांनी स्टूल भावाच्या तोंडाशी ओढलं आणि बोलायला लागले. विहिरीचं पाणी, तुटून गेलेला ऊस, आई, कुठलंही काहीही. मधेच विचारायचे, "ऐकतोयस न्हवं?" भाऊ नुसता बघत होता.

उन्हं कलली तशी मी म्हणालो, "आबा, निघायचं का?"

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तुम्ही जावा. माझं लय बोलायचं राहिलंय."

भाऊ त्याच आठवड्यात गेला. आबा पुन्हा दुकानात आले नाहीत.