अकरा नोव्हेंबरच्या काड्या

काय तर म्हणे, अकराव्या महिन्याची अकरा तारीख. इंग्रजी एकचे चार आकडे शेजारी शेजारी उभे केले की काड्यांसारखे दिसतात, म्हणून त्या दिवशी एकमेकांना चॉकलेटात बुडवलेल्या बिस्किटाच्या काड्या द्यायच्या. झाला सण! ना देव, ना कहाणी, ना उपासतापास. माल खपवायला कुणीतरी काढलेलं खूळ, आणि अख्खा कोरिया त्याच्या मागे. आता तिथून ते टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचलं होतं.

"मग आठ ऑगस्टला कडबोळी वाटूया," मी मुलीला म्हटलं. "इंग्रजी आठ कडबोळ्यासारखाच दिसतो की!"

ती हसली नाही. "आई, आय नीड वन बॉक्स. फक्त तिच्यासाठी."

ती म्हणजे समोरच्या घरातली कोरियन मुलगी. आम्ही उन्हाळ्यात जर्सी सिटीहून इथे आलो, आणि सहावीतली माझी लेक तिकडच्या बिल्डिंगभर मैत्रिणी सोडून आली. इथल्या शाळेत महिना उलटला तरी ती लंचला एकटीच बसायची. घरी येऊन नीट बोलायची नाही, जेवायची नाही. मग एक दिवस ही समोरची मुलगी आपला डबा घेऊन तिच्या शेजारी बसली आणि रोज बसायला लागली. त्या एका मुलीमुळे माझी लेक पुन्हा दोन घास जेवायला लागली होती, हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझी जीभ काही गप्प बसेना.

बघून तरी येऊ म्हणून कोरियन दुकानात गेले. दारातच काड्यांच्या बॉक्सचे मनोरे, वर गुलाबी फुगे, आणि चांगली शहाणीसुरती माणसं कवळ्यात भरून बॉक्स नेतायत. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकूही तिथे सापडल्या. नातीसाठी चार बॉक्स घेतले होते.

"किती गोड दिसतात गं!" त्या म्हणाल्या.

"गोड कसले, डोंबल!" मी म्हटलं आणि हात हलवत घरी आले.

रविवारी दुपारी मी शंकरपाळ्यांचं पीठ भिजवलं. दिवाळी नुकतीच झाली होती, हात बसलेला होता. पोळी लाटून लांब काड्या कापल्या, तळल्या, चॉकलेट वितळवून त्यात बुडवल्या. विकतच्या काड्यांच्या थोबाडीत मारतील अशा खुसखुशीत झाल्या. पण एकीलाच द्यायच्या? छे! आमच्याकडे हळदीकुंकवाला वाण लुटतात ते आलेल्या प्रत्येकीला सारखं. कुणाच्या हातावर ठेवायचं आणि कुणाला नुसतं बघत ठेवायचं, ही कसली रीत? मी वर्गातल्या चोवीस जणांसाठी चोवीस छोट्या पिशव्या भरल्या, प्रत्येकीला लाल रिबन बांधली.

मुलगी पिशव्यांकडे बघत उभी राहिली. "आई, इट्स नॉट लाइक दॅट. ज्याला द्यायचं त्यालाच देतात."

"मग चुकीचं करतात," मी म्हटलं. "तू बघ, सगळे तुझ्याभोवती गोळा होतील."

तिने पिशव्या एकेक करून दप्तरात लावल्या, तुटू नयेत म्हणून वह्या बाहेर काढून.

अकरा तारखेला ती बसमधून उतरली तेव्हा दप्तर तसंच फुगलेलं होतं. चोवीसच्या चोवीस पिशव्या परत, अर्ध्यांचा चुरा.

"टीचर सेड नो. होममेड अलाउड नाही. ईमेल आली होती."

आली असेल. शाळेच्या रोज चार ईमेल येतात, वाचतो कोण? मी आधी शाळेवरच घसरले. म्हटलं, कारखान्यातलं रंग घातलेलं चालतं आणि आईच्या हातचं चालत नाही, वा रे शहाणे! मुलीने ऐकून घेतलं.

"मग समोरचीला काय दिलंस?"

"नथिंग."

"आणि तिने तुला?"

तिने दप्तरातून एक बॉक्स काढून टेबलावर ठेवला. उघडलेला नव्हता. लंचला सगळ्या मुलींच्या हातात काही ना काही होतं, हिच्याकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून ही लायब्ररीत जाऊन बसली. उद्या कुठे बसणार, विचारलं तर तिने नुसते खांदे उडवले.

मी तशीच उठले. गाडी काढली, त्याच दुकानातून त्याच काड्यांचा सगळ्यात मोठा बॉक्स आणला आणि समोरच्या घराची बेल वाजवली. दार त्या मुलीच्या आईने उघडलं. माझ्या हातातला बॉक्स बघून ती कपाळाला हात लावून हसायला लागली.

"तुम्हीसुद्धा?" ती इंग्रजीत म्हणाली. "नुसता वेडेपणा आहे हा. मला अजिबात आवडत नाही हा दिवस."

हुश्श! म्हटलं, चला, आपल्याच मताची बाई भेटली. मीही हसले, शाळेच्या नियमाचं सांगितलं, सॉरी म्हटलं.

"हो, तो नियम आम्हाला माहीत होता," ती म्हणाली. "तुम्ही घरी केलंय हेही तुमच्या मुलीकडून कळलं होतं, म्हणून माझ्या मुलीने एक जास्तीचा बॉक्स नेला होता. सकाळी बसमध्ये तिने तो तुमच्या मुलीला देऊ केला, की हा तू मला दे, कुणाला कळणार नाही. पण तुमची मुलगी घेईना."

"का?"

"म्हणाली, माझ्या आईने रविवारभर उभं राहून केलंय. मी तेच देणार."