सीताक्कांनी कोलू मोडला

आवडी गावातल्या आमच्या गल्लीत सीतालक्ष्मीबाईंना सगळे सीताक्का म्हणतात. घराणं तंजावरचं मराठी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. यजमान रघुराम लकव्यामुळे चाकांच्या खुर्चीला खिळलेले. त्यांची आंघोळ, दाढी, सारं सीताक्काच करतात आणि करता करता भांडतात. बिनभांडणाचा दिवस मला आठवत नाही.

नवरात्रात त्या कोलू मांडतात. ट्रंका नि फळ्या रचून पायऱ्या करायच्या, वर पांढरं वस्त्र, त्यावर मातीच्या बाहुल्या. सर्वांत वर लाकडी राजाराणी, सीताक्कांच्या लग्नात माहेरून आलेले. मांडलेला कोलू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी निजवायची, मगच आवराआवर.

यंदा अष्टमीला दुपारी हमरस्त्यावर दंगल पेटली. आदल्या दिवशी एका पुढाऱ्याचा खून झाला होता. पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत गेली, रस्त्यालगतच्या लोकांनी शाळेत जावं. सीताक्कांचं घर अगदी रस्त्यावर, आणि दोन दुकानं सोडून टायरचं दुकान जळत होतं. रिक्षावाल्या राममूर्तीला ऑटो बोळात उभी करायला सांगून मी आत धावले.

"अक्का, चला!"

"मज यायचं नाही. कडी लावून बसते. घर टाकून गेलं तर उरेल काय?"

"आणि आग इथवर आली तर?"

त्यांनी आत रघुरामरावांच्या खोलीकडे पाहिलं, तेव्हा कुठे माझ्याही लक्षात आलं. यंदा कोलू मोठा झाला होता. पायऱ्या आतल्या दारापर्यंत आल्या होत्या. माणूस अंग चोरून जाईल, खुर्ची नाही. नवरात्रात रघुरामराव बाहेर जाणार नव्हते, म्हणून कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आतून त्यांचा जड जिभेचा आवाज आला, "कोलू मोडू नकोस. तू जा. मी राखण बसतो."

"राखण! तुम्हांस माशी हाकलवत नाही!" सीताक्का ओरडल्या. "चाळीस वर्षं माझा जीव खाल्लात, अत्ता एकटे सुटू पाहता?"

बाहेर काच फुटली. धुराचा वास घरात शिरला. "अम्मा, सीक्किरम!" राममूर्ती घाई करत होता.

सीताक्का स्टुलावर चढल्या. राणीला उतरवून त्यांनी कोनाड्यात आडवं ठेवलं.

"निजा बाई. वेळ झाली नाही, तरी निजा."

मग उतरून त्यांनी खालची ट्रंक ओढली. बाहुल्या घरंगळल्या, फुटल्या. खुर्ची त्या तुकड्यांवरून कराकरा बाहेर निघाली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

शाळेत त्या नवऱ्याशी भांडल्यासुद्धा नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

दसऱ्याला सकाळी परतलो. दार फोडलेलं, भिंत काळी, टीव्ही आणि कुकर गायब. राजाही कुठे दिसेना. राणी मात्र कोनाड्यात तशीच निजलेली.

"राजा पळाला," रघुरामराव म्हणाले.

"पळेल नाहीतर काय. तुमच्याच जातीचा."

केर काढून सीताक्कांनी दोनच पायऱ्या रचल्या, वर राणीला उभं केलं. मग नवऱ्याची खुर्ची आतल्या दारातून एकदा बाहेर आणून पाहिली. चाक ट्रंकेला घासलं. त्यांनी ट्रंक आणखी भिंतीकडे सारली.