भोंगा, बॅटरी आणि कमलवहिनी

भोंगेवाल्याकडे किस्से का साचतात, सांगू? लग्नात प्रत्येक जण आपापल्या घाईत असतो. आचाऱ्याला कढईशिवाय काही दिसत नाही, वरमाईला मानपानाशिवाय. एका जागी टेबल टाकून सगळं लग्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघणारा माणूस एकच, लाउडस्पीकरवाला! त्याला फुकटात जेवण मिळतं आणि वर किस्सेही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाच्या गोष्टी या. जानेफळात आम्ही तिघांनी लाउडस्पीकर घेतला. माझा चुलतभाऊ वामनदादा, माझा शाळासोबती गौतम आणि मी. गौतम रेडिओ दुरुस्तीचं काम शिकून आला होता, म्हणून मशीन त्याच्याकडे. रेकॉर्डी माझ्याकडे. वामनदादाकडे माइक, कारण तो दुसऱ्या कोणाला देतच नसे! आसपासच्या खेड्यांत वीज नव्हती. सगळा कारभार एका ट्रकच्या जुन्या बॅटरीवर. ती चार्ज करायला मेहकरला न्यायची, आणि ती नेमकी लग्नाच्या मध्यात मान टाकायची.

*

पहिलंच लग्न. कडुलिंबावर भोंगा बांधला आणि वामनदादानं माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!" सकाळी सुरू झालेलं टेस्टिंग वऱ्हाड जेवायला बसलं तरी चालूच. मध्येच गावातल्या लोकांची नावं घेऊन रामराम काय, हवापाण्याच्या गप्पा काय!

शेवटी मुहूर्त आला. भटजींनी अंतरपाट धरायला लावला, माइकसमोर तोंड नेलं आणि म्हणाले, "शुभमंगल सावधा..."

बस! 'न' काही भोंग्यातून बाहेर आलाच नाही. सगळा मांडव वर बघत राहिला. अक्षता टाकाव्या की नाही, कोणालाच कळेना.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, "अर्धंच लागलं म्हणायचं बे लग्न!"

त्या दिवसापासून गावानं आमच्या भोंग्याचं नाव ठेवलं, मुका भोंगा.

*

आता बॅटरी टिकत का नाही, याचा शोध सुरू झाला. वामनदादाची पत्नी कमलवहिनी म्हणाली, "पहिलं पाहा, ब्याटरी इथून भरलेली निघते आन् तिथं पोचते कशी?"

पोचायची बैलगाडीतून! रस्त्यावर खड्डे, गाडीला हिसके, आणि वामनदादा बॅटरी दोन पायांत धरून बसलेला. आतलं अॅसिड थोडं थोडं सांडायचं, पण ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

पुढच्या लग्नाला वहिनीही आमच्यासोबत होती. मांडवासमोर गाडी थांबली. वरपक्षाची मंडळी स्वागताला उभी. वामनदादा ऐटीत खाली उतरला, आणि बायका तोंडाला पदर लावून पळाल्या. दादाच्या नव्याकोऱ्या धोतराची चाळणी झाली होती!

वहिनीनं गाडीतलं पोतं त्याच्याकडे फेकलं. "ब्याटरी उतरली ते उतरली, आता धोतरही उतरवून राह्यले का तुमी?"

दुसऱ्या दिवशी गौतमनं लाकडी खोकं ठोकलं. खाली कुटार म्हणजे भुसा, चारही बाजूंनी कुटार. बॅटरी त्यात नवरीसारखी बसून प्रवास करू लागली.

*

गौतमनं बजावून ठेवलं होतं की बॅटरीतलं पाणी कमी झालं तर साधं पाणी घालायचं नाही, मेहकरहून बाटलीत आणलेलं शुद्ध पाणीच घालायचं.

लोणारला कार्यक्रम होता. गौतम खांबावर चढून भोंगा बांधत होता. खाली वामनदादानं बॅटरीची बुचं उघडून पाहिली. पाणी कमी! बाटली जानेफळला राहिलेली. दादा डबा घेऊन तळ्यावर उतरला. लोणारच्या खाऱ्या पाण्यानं अंगावरची खरूज जाते, असं त्यानं ऐकलं होतं. माणसाला गुण येतो तर बॅटरीला का येऊ नये?

पाणी ओतलं आणि बॅटरी फसफसायला लागली. प्रत्येक बुचातून फेस!

"गौतम, पाह्य पाह्य!" दादा आनंदानं ओरडला. "जागी झाली ब्याटरी!"

गौतमनं खांबावरूनच खाली पाहिलं. "जागी नाही झाली दादा. उलटी करून राह्यली!"

ती बॅटरी तिथेच गेली. दुसरी मिळाली, तीही ट्रकमधून उतरवलेलीच.

*

वामनदादाचं आणखी एक मत होतं. भोंगा बोलला तरच बॅटरी खर्च होते. मशीन नुसतं चालू राहिलं तर काय जातं?

"मग पाहूनच घेऊ," गौतम म्हणाला.

दादाच्या घरी मशीन चालू केलं आणि आम्ही चौघं गप्प बसलो. कोणी माइककडे फुंकरसुद्धा मारली नाही. रेकॉर्ड नाही, हॅलो नाही. दुपारभर वामनदादा गप्प बसलेला मी त्या दिवशीच पाहिला! संध्याकाळच्या आधीच मशीनमधला बारीक दिवा मंदावत गेला आणि विझला.

दादा हबकलाच. "काऊन बे? आपण तर कोणी बोललोच नाही!"

गौतम म्हणाला, "दादा, आतले व्हॉल्व्ह तापते ठेवायलेच ब्याटरी लागते. आवाज असो का नसो, मशीन जळतच राह्यते."

"आतल्या आत," वहिनी उठता उठता म्हणाली. "माह्यासारखं."

त्या दिवसापासून मशीनचा खटका वहिनीच्या ताब्यात गेला. मांडवात ती टेबलाशी ठाण मांडून बसायची. टेस्टिंग एकदाच. काम नाही, खटका बंद. बॅटरी पुरती संपायच्या आत मेहकरला रवाना. टोकांवर पांढरी बुरशी दिसली की गरम पाण्यानं धुऊन वरून व्हॅसलिनचं बोट. कोणी घोषणा करायला आलं की ती आधी विचारायची, "थोडक्यात काय ते सांगा."

*

आमची बॅटरी पहिल्यांदा पूर्ण लग्नभर टिकली ती गौतमच्या बहिणीच्या लग्नात. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, वधूवरांच्या प्रतिज्ञा झाल्या, जेवणाच्या पंगती उठल्या, तरी भोंगा ठणठणीत! गौतमनं दर थोड्या वेळानं बॅटरीवर हात ठेवून पाहिलं, जसा आजाऱ्याचा ताप बघावा.

त्याची एक आत्या होती, कानानं जवळजवळ बहिरी. तिला भोंग्याखालीच बसवलं होतं. सगळं झाल्यावर ती गौतमजवळ आली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "लग्नं लय पाह्यली बाप्पा. आयकू आलं हेच."

गौतम वायर गुंडाळायला लागला. एकच वायर बराच वेळ गुंडाळत होता!

*

आणि मग पिंपळगाव राजा या गावातलं लग्न.

मुलीकडचे नामदेवकाका भाजीपाला पिकवणारे, साधे. त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. पण वरपक्ष शहरातला. त्यांनी स्वतःचा लाउडस्पीकर आणला, दोन भोंगे, नवीकोरी बॅटरी. नवरदेवाच्या मामांनी चकचकीत पंपशू घातले होते. ते आमच्या टेबलाशी आले आणि नामदेवकाकांना सगळ्यांदेखत म्हणाले, "हे डबडं बंद ठेवा. आमचं मशीन आहे."

काकांनी मान खाली घातली. वामनदादा रागानं लाल झाला. वहिनीनं खटक्यावरचा हात काढला आणि म्हणाली, "बंदच आहे मामा."

सकाळपासून त्यांच्या रेकॉर्डी दणाणत होत्या. एक क्षण उसंत नाही. मामा मधूनमधून माइक घेऊन वरपक्षाच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगत होते. गौतम शांतपणे शेंगा फोडत होता. "चालू द्या," म्हणाला. "चांगलं चालून राह्यलं."

ऐन मुहूर्तावर त्यांच्या भोंग्यांनी घर्र केलं आणि गप्प! मामांनी माइक झटकला, आपटला. काही नाही. भर उन्हात सगळा मांडव मुठीत अक्षता धरून उभा.

नामदेवकाकांनी आमच्याकडे पाहिलं. वहिनीनं खटका दाबला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागणारच. भटजी चुळबुळले, तेव्हा काका दिवसभरात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, "थांबा जरा. आमचं मशीन तापून राह्यलं!"

आणि मंगलाष्टकं सुरू झाली. खणखणीत! शेवटच्या 'सावधान'पर्यंत एकही अक्षर गळलं नाही. काकांची मान तेव्हा जी वर झाली ती वरच राहिली.

पंगती बसल्या. थोड्या वेळानं मामा आमच्या टेबलाशी आले. अनवाणी! तापलेल्या मातीवर एक पाय ठेवत होते, दुसरा उचलत होते. "जरा अनाउन्स करता का? माझे पंपशू सापडत नाहीत."

वहिनीनं माइक हातात घेतला. "ऐका हो ऐका! नवरदेवाचे मामा टेबलापाशी अनवाणी उभे आहेत. त्यांचे पंपशू कोणाले सापडले असतीन तर आणून द्यावे."

मांडवात हशा उसळला. वहिनीनं पुन्हा सांगितलं. मग वरच्या आळीसाठी सांगितलं. मग खालच्या आळीसाठी. मग मला रेकॉर्ड लावायला सांगितली, अर्ध्यात थांबवली आणि पुन्हा सांगितलं.

गौतम कासावीस झाला. "वहिनी! ब्याटरी!"

वहिनीनं माइकवर तळहात ठेवला.

"लय आहे अजून," म्हणाली, आणि तळहात काढला. "ऐका हो ऐका!"