नर्मदेतले तांबे

समुद्रातले स्पंज पाण्यातले जड धातू अंगात साठवतात, म्हणून किनाऱ्यावरचे संशोधक त्यांच्यावरून प्रदूषण ओळखतात. जबलपूरहून समुद्र कुठल्याही बाजूने लांब. माझ्या धाकट्या बहिणीने पीएचडीसाठी नर्मदेतला स्पंज घेतला. बुडालेल्या दगडांना तो हिरवट पापुद्र्यासारखा चिकटलेला असतो. घाटावरचे लोक त्याला काई म्हणत, आई शेवाळ. तो प्राणी आहे, दिवसभर पाणी आत ओढून गाळत असतो, हे बहिणीने आईला अनेकदा सांगितले होते. आई "अच्छा" म्हणायची आणि कणीक मळत राहायची.

नमुने शहराच्या वरच्या अंगाला आणि खाली भेडाघाटला घेतले जात. भेडाघाटहून परतायला उशीर झाला की तिथला डबा रात्रभर घरीच राही. तपासणी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत होई. आजोबा नोकरीत होते तेव्हा नागपूर आमच्याच राज्याची राजधानी होते. आता नमुना परराज्यात जायचा आणि उत्तराला आठवडे लागायचे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला भेडाघाटच्या नमुन्यात तांबे निघाले, इतर ठिकाणांच्या कित्येक पट. शिसे आणि जस्त नेहमीइतकेच. मार्गदर्शक प्राध्यापकांनी सांगितले की हे तांबे कुठून आले ते दाखवता आले नाही, तर सगळेच काम संशयात जाईल. बहिणीने तिथला काठ पालथा घातला. संगमरवराच्या मूर्ती घडवणाऱ्यांच्या दुकानांत विचारले. तांब्याशी संबंध असलेले काही सापडले नाही. तिचे जेवण कमी झाले.

मी तेव्हा एका हिंदी दैनिकात शहराच्या बातम्या पाहत असे. वृत्तसंपादकांच्या कानावर गोष्ट गेली होती. "नर्मदाजी में ज़हर! भैया, पहले पन्ने की ख़बर है," ते रोज म्हणत. एका नमुन्यावर बातमी होत नाही, असे मी रोज सांगे.

एका रविवारी जेवताना बहिणीने पुन्हा तोच विषय काढला.

"शिसं नाही, जस्त नाही. काहून फक्त तांबंच?"

"तांब्या?" आई वाढता वाढता थांबली. "तांब्याचं काय झालं?"

"तांब्या नाही गं, तांबं. धातू. भेडाघाटच्या त्या स्पंजात निघालं."

"मग निघन नाही तर काय! तांब्यात ठेवलं तर तांबंच निघन."

बहिणीचा घास हातातच राहिला. "कोणी ठेवलं तांब्यात?"

"मीच. तू थकून झोपली होती. नर्मदाजीचं पाणी अन् प्लास्टिकच्या डब्यात? देवघरातल्या तांब्यात ओतलं, तुझं शेवाळही त्यातच. सकाळी तू उठायच्या आधी पुन्हा डब्यात भरलं. मले वाटलं, पवित्र राहीन."

"आई, इतके दिवस मी धड झोपली नाही!"

"तर मले विचारायचं होतं. मी काय घर सोडून गेली होती?"

बहीण आधी रडली, मग हसली, मग तिने भात मागून घेतला.

नवा नमुना घरी आला तेव्हा आईने डब्याला दुरूनच हात जोडले. पाऊस लागायच्या आत नागपूरहून उत्तर आले: तांबे इतर ठिकाणांइतकेच. प्राध्यापकांनी जुना आकडाही टाकून देऊ दिला नाही. एका रात्रीत स्पंज एवढे तांबे अंगात घेत असेल तर तो चांगला साक्षीदार आहे, असे ते म्हणाले, आणि तोच प्रयोग मुद्दाम, नीट मोजमाप करून करायला लावला. आईने त्यासाठी आपला तांब्या दिला नाही. "तो देवाचा आहे. चलो, बाजारातून दुसरा आण." बहिणीने सदर बाजारातून आणला. त्या प्रयोगाचे पुढे तिच्या प्रबंधात एक प्रकरण झाले.

वृत्तसंपादकांना मी सांगितले की ते तांबे आमच्या देवघरातले होते. ते थोडे हिरमुसले. मग ते खुर्चीत मागे रेलले.

"चलो, अच्छा हुआ. हमारी अम्मा वहीं नहाने जाती हैं. लिख दो."

भेडाघाटच्या स्पंजात तांबे जास्त आढळले नाही, एवढेच लिहिले. चार ओळी झाल्या. त्या दिवशी पानावर जागा नव्हती, म्हणून त्या छापल्या गेल्या नाहीत, आणि घरी कोणी त्यांची चौकशीही केली नाही.