पौषातलं गहाणखत

मिरजगावच्या त्या म्हाताऱ्याचा जबाब मला आजही शब्दन् शब्द आठवतो. दुष्काळाची वर्षं होती. मी नगरला फौजदार होतो. शहराबाहेरची एक तेलगिरणी कंपनी बुडाली होती आणि तिची मालमत्ता विकून देणी भागवायला हायकोर्टाने अधिकारी नेमला होता.

एका सकाळी गिरणीत शेंगा निवडणाऱ्या बायका ठाण्यात आल्या. "सायेब, मशिनी इकून आमचा पगार देनार हुते. आता म्हनत्यात, मशिनी मालकाच्या व्याह्याकडं गहान हायेत. आमी तर कधी आयकलं न्हाई."

त्या अधिकाऱ्यालाही संशय होताच. त्याने फिर्याद दिली. कायदा साधा होता. कंपनीची यंत्रं गहाण ठेवली, की मुदतीत सरकारदरबारी नोंद करायची, म्हणजे उधारीवर माल देणारा सावध होतो. मुदत चुकवून कंपनी बुडाली, तर कंपनीकडे ज्यांचे पैसे थकलेत, त्यांच्यापुढे ते गहाण टिकत नाही. इथे गहाणखतावर त्याच सालच्या जानेवारीची तारीख होती आणि नोंद मुदतीतली. मालक आणि व्याही, दोघेही चौकशीत एका शब्दाने हलेनात.

राहिला गहाणखतावरचा साक्षीदार, मालकाचा मिरजगावचा चुलता. हवालदार म्हणाला, "दरडावतो जरा." मी नको म्हटलं. म्हाताऱ्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पीकपाण्याचं विचारलं.

"नगरला येणं असतं का, बाबा?"

"न्हाई वो. गेल्या साली पुतन्याची पोर, म्हंजी माझी नात, ह्याच व्याह्याच्या घरी दिली, तिच्या लग्नाला आल्तो, त्येवढंच. तवाच पुतन्यानं मांडवात कागदावर सही घेतली."

मी चेहरा हलू दिला नाही. जानेवारीतली ती तारीख पौषातली, आणि पौषात आपल्याकडे मांडव पडत नाही.

"लग्न कधी झालं?"

"वैशाखात."

"कागदावर तारीख होती?"

"जागा कोरी हुती." बोलता बोलता आपण काय सांगून बसलो, ते त्याच्या ध्यानात आलं. कप खाली ठेवून तो म्हणाला, "सायेब, ह्ये लिवलं तर नातीला सासरी तरास व्हईल?"

"होईल कदाचित. खोटं सांगणार नाही."

त्याने बाहेर व्हरांड्यात बसलेल्या गिरणीतल्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या बायांचंबी घर हाय. लिवा."

तो जबाब समोर ठेवल्यावर व्याही खचले. पैसे खरोखर दिले होते. पण गहाण उघड झालं तर व्यापारी उधारी बंद करतील, म्हणून दोघांनी नोंदच केली नाही. गिरणी बुडू लागली तेव्हा मुदत कधीच टळली होती, म्हणून कोऱ्या जागेत जानेवारीची तारीख घालून नोंद केली.

कोर्टात वकिलाने विचारलं, "सख्ख्या पुतण्याविरुद्ध बोलता?" म्हातारा म्हणाला, "इरुद्ध न्हाई. झालं त्ये सांगतोय."

दोघांना शिक्षा झाली. गहाण रद्द ठरलं, यंत्रांचा लिलाव झाला, बायकांना पगार मिळाला. नातीला सासरच्यांनी माहेरी धाडलं, तेव्हा म्हाताऱ्याने तिला मिरजगावी नेलं. पुढे नवराच येऊन तिला मानाने घेऊन गेला.

खरं देणंही दडवलं की त्याची लबाडी होते, हे मी त्या तपासात शिकलो. आणि माणसाला मान देऊन विचारलं, तर तो स्वतःचं नुकसान सोसूनही खरं बोलतो. पुढे मला बढत्या मिळाल्या, बक्षिसं मिळाली. पण अभिमान कशाचा म्हणून विचाराल, तर त्या माणसाचा जबाब माझ्या हाताने लिहिला, याचा.