बोट सोडू नको

आगरच्या हिरकणीचं तोंड मोठं फटकळ. डहाणू रोडच्या बाजारात तिच्याशी सुक्या बोंबलाचा भाव करायला भलेभले कचरायचे. पण एका गोष्टीची थट्टा तिला खपायची नाही. नवरा भिकू वादळात उलटलेल्या बोटीला चिकटून राहिला म्हणून जगला होता. किनारा दिसतोय म्हणून पोहत सुटलेले दोघे काही परत आले नाहीत. तेव्हापासून घरात एकच कायदा, काही होवो, बोट सोडायची नाही.

पुढे भिकू आजारपणात गेला. मुलगा देवेश मालवाहू जहाजावर खलाशी झाला. त्याचं जहाज युक्रेनच्या बंदरात धान्य भरत होतं आणि नेमकी तेव्हाच रशियाची फौज त्या देशावर चाल करून आली. कप्तान म्हणाला, जायचंय त्याने जा, सरहद्दीपर्यंत बस आहे. देवेशने फोन लावला.

"आये, काय करू? बरेच जण चाललेत."

"जाऊ दे मेल्यांना! परमुलखात, तोफा चालू असताना रस्त्याने कुठे मरायला जातोस? बोट सोडू नको, सांगून ठेवते!"

दोन दिवसांनी जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. देवेश गेला. बसने गेलेले सगळे सुखरूप घरी पोचले.

त्या फौजेला राजधानी काही घेता आली नाही. नाक कापून घेऊन मागे फिरली. बातम्या बघून शेजारचा नविन धावत आला.

"काकी, एवढ्याशा देशानं त्यांना पाणी पाजलं! आता त्यांना कोण भिणार? पारडंच फिरलं!"

बिचाऱ्याला वाटलं, काकीला बरं वाटेल. हिरकणी वाळलेले बोंबील काढत होती.

"हरायचंच होतं तर आले कशाला रे मुडदे? माझं लेकरू खाऊन हरले!" आणि ती हंबरडा फोडून रडली.

बसने गेलेल्यांत वाणगावचा हार्दिक होता. तो कितीतरी महिने तोंड चुकवत राहिला, शेवटी दिवाळीनंतर भेटायला आला. हिरकणीने चहा दिला. इतके दिवस जिवाला कुरतडणारं तिने विचारून टाकलं.

"तो आपल्या मनानंच राहिला ना रे? माझ्यामुळे नाही ना? खरं सांग, तुला तुझ्या आईची शपथ."

हार्दिकने कप खाली ठेवला.

"काकी, तो बसमध्ये माझ्या शेजारी बसला होता. तुमच्याशी बोलला आणि उतरून परत गेला. बस सुटेपर्यंत मी जागा धरून ठेवली होती."